नाडीवर बोट ठेवल्यानंतर

(जामखेड तालुक्यात ज्येष्ठांची नाडी तपासण्याचे काम हाती घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नाही. कला शाखेची पदवी घेऊन उभे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत घालविलेला माणूस आहे. तरीही आज हृदयाच्या एका विकाराविषयी बोलण्याचे धाडस करतो आहे, त्यास कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावी एक आरोग्य शिबिर झाले. माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, रांगेत उभे राहिले. त्यांची नाडी पाहताना तरुण डॉक्टर थबकले. 'नाडी अनियमित लागते, ईसीजी काढून घ्यावा,' असे त्यांनी कागदावर लिहून दिले. वडिलांना कसलाच त्रास नव्हता. त्यांनी तो कागद घडी करून पोथीत ठेवला. शिबिराची बातमी मीच लिहिली आणि तिचा शेवट 'शेकडो ग्रामस्थांनी लाभ घेतला' असा केला. चार महिन्यांनी एका पहाटे वडिलांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून कविता म्हणवून घेतलेला तो माणूस पुढे अखेरपर्यंत अबोल राहिला. पोथीतला कागद नंतर आईला सापडला. तपासणाऱ्याने आपले काम चोख केले होते. पुढे काय झाले, हे विचारणारे मात्र कोणी नव्हते. त्यांत मीही होतो.

या विकाराला अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तेथे रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपटीने वाढतो. पुष्कळांना छातीत धडधड होते, दम लागतो. पण अनेकांना काहीच जाणवत नाही. नेमकी हीच गोष्ट घातक आहे. वाढते वय, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांनी त्याची शक्यता वाढते. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. बालपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडतात आणि त्यामुळे हा विकार तुलनेने तरुण वयातही गाठतो.

आपल्याकडे नाडीपरीक्षेची परंपरा जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत तिचे वर्णन आहे. आपल्याला मात्र नाडीवरून रोगनिदान करायचे नाही. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवायची आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. आपला अंगठा वापरू नये. त्यात आपलेच ठोके जाणवतात. एखादा ठोका चुकला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे, कोणताही ताल नसलेले ठोके लागले, तर नाव लिहून घ्यायचे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आणि त्यासाठी ईसीजी हवाच.

हे सामान्य माणसाला जमेल का, असा प्रश्न जामखेडमध्ये तरी कोणी विचारू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्या कार्यासाठी त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या स्त्रिया शेजारच्याच घरातल्या होत्या. तपासून त्या निघून जात नसत. दुसऱ्या दिवशीही त्या गावातच असत. त्यांच्या यशाचे मर्म मला यातच दिसते. गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही ५० गावांत मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्राने चाळिशीपुढील दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. शंभरांत सुमारे दीड जणांना हा विकार आढळला.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या हजारो नागरिकांना अशा तपासणीसाठी बोलाविले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाभ झाला, पण तो अल्प होता. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानेही २०२२ साली, सरसकट तपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे सांगितले. म्हणजे नुसते शोधून काढणे पुरेसे नाही. निदान झाल्यावर रक्त गोठू न देणारे योग्य औषध नियमित घेतले, तर पक्षाघाताचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटतो. पण हे औषध प्रत्येकाला लागू नसते. त्याने रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफेरिन असेल, तर वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. म्हणून डॉक्टरांशिवाय ते सुरू करू नये आणि आपल्या मनाने बंदही करू नये. 'अ‍ॅस्पिरिन चालू आहे, तेवढे पुरे,' हा समजही सोडून द्यावा.

आता आपल्या भागाकडे पाहा. दिवाळी सरली की जामखेड-पाथर्डीकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरतात. अशा आजीची नाडी आपण पाहिली, 'तालुक्याला जाऊन ईसीजी काढा' म्हणून कागद दिला, तर तिला नेणार कोण? तो कागदही पोथीतच जाईल!

म्हणून माझी एकच विनंती आहे. किती जणांना तपासले, याचा आकडा सांगू नका. नाडी अनियमित लागली त्या प्रत्येकाचे नाव एका वहीत लिहा आणि त्यापुढे चार रकाने आखा : ईसीजी झाला का, डॉक्टरांनी काय सांगितले, औषध चालू आहे का, पुन्हा केव्हा भेटलो. प्रत्येक नावामागे एक कार्यकर्ता जबाबदार असू द्या. ज्या गावी चौथा रकाना भरण्याची तयारी नसेल, तेथे पहिले बोटही मनगटावर ठेवू नका.

याच तालुक्यातील चौंडीला १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. २०२४ पासून जिल्ह्याने त्यांचे नाव धारण केले आहे. त्यांनी विहिरी आणि घाट बांधले, तसेच त्यांच्या नित्य व्यवस्थेचीही तरतूद केली. सेवेची ही रीत आपल्या घरचीच आहे.

वर्षभराने मला पुन्हा बोलवा. बातमी मी लिहीन. पण त्याआधी ती वही पाहीन.