एपिसोड वाढवल्यासारखं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. २०१७ साली आमच्या भागातल्या एका कविसंमेलनात सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. दोन कवींच्या मधे वेळ भरायचा होता म्हणून मी एक विनोद केला. म्हटलं, "संध्याकाळी मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की आमच्या घरातल्या बायकांचे डोळे उघडतात आणि डोकं बंद होतं." सभागृह हसलं, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या रांगेत माझी आई बसली होती, ती हसली नाही.

आईला आम्ही अम्मी म्हणतो. घरात आमची बोली दखनी, पण दाराबाहेर पाऊल पडलं की मराठी. अम्मीचं शिक्षण चौथीपर्यंत. गारगोटीत घरी परतताना ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. चप्पल काढताना मात्र म्हणाली, "आम्ही काय बोलतो ते तू कधी ऐकलंयस का? बस की एक दिवस."

मी बसलो. एक दिवस म्हणून बसलो आणि पुढं बरेच दिवस बसत राहिलो. तिथं जे ऐकलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

तेव्हा 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका जोरात होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये संपली. रांगडा पैलवान राणा आणि शाळेत शिकवणाऱ्या अंजलीबाई यांची ती गोष्ट. आमच्या जिल्ह्याचं तिच्याशी खास नातं होतं, कारण तिचं चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात चालायचं. 'चालतंय की' हे राणाचं पालुपद त्या काळात एसटीच्या कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं.

आमच्या घरी टीव्हीसमोर चौघीजणी जमायच्या. अम्मी, समोरच्या काकू, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आणि गल्लीतली एक नवी सून. मालिका संपली की खरी बैठक सुरू व्हायची. मला वाटलं होतं, राणाचं पुढं काय होणार, अंजलीला कोण छळणार, अशा गप्पा असतील. त्या होत्याच. पण निम्म्याहून जास्त बोलणं असायचं ते हे सगळं केलं कसं असेल, याबद्दल.

मावशी कापडातल्या माणूस, त्यांची नजर पदरावर. त्या म्हणायच्या, "दारात उभी होती तवा पदर डाव्या खांद्यावर नीट चापून होता. आत आली तर मोकळा. दाराबाहेरचं एका दिवशी घेतलंय, आतलं दुसऱ्या दिवशी." काकूंचं लक्ष स्वयंपाकघरावर. "चार वाक्यं झाली तरी एकच टोमॅटो चिरतीया," असा त्यांचा शेरा. नव्या सुनेला चेहरे मोजायची सवय. एक वाक्य झालं की ढॅण आवाज होऊन खोलीतल्या प्रत्येकाचं तोंड दाखवतात ना, ती बोटं मोजायची आणि म्हणायची, "आज सात तोंडं. आज गोष्ट कमी पडली असणार."

आता हे निरीक्षण किती अचूक आहे पाहा. दैनंदिन मालिकेचा एक भाग अर्ध्या तासाचा असला, तरी जाहिराती वगळता त्यात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला पाच-सहा भाग दाखवायचे, म्हणजे जवळजवळ रोज एका भागाचं काम उरकायला हवं. सिनेमावाले दिवसाला दोन-तीन मिनिटांचं काम झालं तरी समाधान मानतात, इथं त्याच्या कितीतरी पट काढावं लागतं. म्हणून प्रसंग गोष्टीच्या क्रमानं घेत नाहीत, जागेच्या क्रमानं घेतात. अंगणात प्रकाश लावला की तीन वेगवेगळ्या भागांतले अंगणातले प्रसंग एकापाठोपाठ उरकतात. सकाळी भांडलेली माणसं दुपारी पहिल्यांदा भेटतात. हाताशी तयार भागांचा साठा असावा लागतो, त्याला ते लोक 'बँक' म्हणतात. कुणी आजारी पडलं, पाऊस लागला की ती बँक रिकामी होते. मग लेखकाकडून पानं गरम गरम येतात आणि नटाला ती उभ्या उभ्या पाठ करावी लागतात. अशा दिवशी गोष्ट पुढं सरकत नाही, तोंडं वाढतात. आमच्या गल्लीतल्या सुनेनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बघून बघून तिनं ते ताडलं होतं.

बोलीवरून तर रोज वाद. हार्दिक जोशी, म्हणजे राणा झालेला नट, मूळचा कोल्हापूरचा नव्हे. काकूंचं म्हणणं, "ही बोली पेठेतली बी न्हाई आन् आपल्या भुदरगडातली बी न्हाई, ही शूटिंगवाल्यांची हाय." त्यावर अम्मी म्हणायची, "पर पोरगं शिकतंय. पयल्या महिन्यात शब्दाला अडखळत होतं, आता नुसतं 'व्हय' म्हणालं तरी खरं वाटतंय." आणि धनश्री काडगावकरनं रंगवलेल्या नंदिता वहिनीसाहेबांना रोज शिव्या घालून झाल्यावर या बायका शेवटी म्हणायच्या, "पर काम झ्याक करतीया हं." पात्राचा राग आणि नटीचं कौतुक एकाच श्वासात. मी बी.ए.ला साहित्य शिकलो. पात्र वेगळं आणि ते उभं करणारा वेगळा, हे समजावताना आमच्या सरांना दोन तास लागले होते.

एकदा अम्मीनं हट्ट धरला, वसगड्याला जाऊ या. त्या दिवसांत सगळ्या भागातून माणसं तो वाडा बघायला जायची. गाड्यांची इतकी गर्दी व्हायची, की गावाला त्याचा त्रासही झाला आणि त्यावरून नाराजीही उठली. आम्ही गारगोटीहून कोल्हापूर गाठलं आणि तिथून पुढं वसगडे. दोरी बांधून लोकांना लांब उभं केलं होतं. कसलातरी रडण्याचा प्रसंग चालला होता. दूर असल्यानं शब्द नीट ऐकू येत नव्हते. कॅमेरा एकदा इकडून, एकदा तिकडून, एकदा अगदी जवळून. मधेच कुणीतरी ओरडायचं, सगळं थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. तासभर उन्हात उभं राहून मी वैतागलो. म्हटलं, "बघितलंस ना? सगळं खोटं. चला आता."

अम्मी म्हणाली, "खोटं कसं? चार वेळा केलं तिनं. चारी वेळेला मान त्याच ठिकाणी खाली गेली आणि डोळ्याला पदर त्याच वेळेला लागला. तू तुझी कविता चार वेळा तशीच म्हणून दाखव."

मला उत्तर सुचलं नाही. अभिनयाच्या शाळेत जे शिकवतात ते हेच. मालिकेतला नट एकच दुःख तीन-चार कोनांतून पुन्हा पुन्हा करतो. ते तुकडे पुढं जोडायचे असतात. पहिल्या तुकड्यात ज्या शब्दाला हात उचलला, त्याच शब्दाला तो दुसऱ्या तुकड्यात उचलावा लागतो, आणि तरीही भावना शिळी वाटता कामा नये. अम्मीला कसब दिसलं. मला फक्त दोरी आणि गर्दी दिसली.

ही हौस आपल्याकडचीच आहे असं समजू नका. साबणाच्या कंपन्यांनी अमेरिकेत १९३०च्या दशकात रेडिओवरच्या कौटुंबिक श्रुतिका पुरस्कृत केल्या, म्हणून अशा मालिकांना 'सोप ऑपेरा' नाव पडलं. हे वेड खरं मुरलं ते इंग्लंडात. बीबीसी रेडिओवर 'द आर्चर्स' ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची मालिका १९५१ पासून चालू आहे. शेतकऱ्यांना शेतीची माहिती गोष्टीतून मिळावी, हा तिचा मूळ हेतू. १९५५ साली तिच्यातली ग्रेस नावाची तरुणी आगीत मरण पावली, तेव्हा श्रोत्यांनी खरंच कुणी गेल्यासारखा शोक केला. पण गंमत पुढं आहे. त्याच रात्री तिकडं पहिली व्यावसायिक दूरचित्रवाहिनी सुरू होत होती. ग्रेसला नेमकं त्याच दिवशी का मारलं, याची चर्चा लोक आजही करतात. म्हणजे डोळे पुसता पुसता त्यांनी हिशेबही मांडला.

मँचेस्टरच्या एका कामगार गल्लीवरची 'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या भागात कॉलेजकुमार म्हणून आलेला विल्यम रोच हा नट नव्वदी ओलांडल्यावरही त्याच भूमिकेत दिसत राहिला. १९८८ ते १९९९ या काळात लोक तिकीट काढून ती चित्रीकरणाची गल्ली बघायला जायचे. आपलं वसगडं म्हणा ना! १९९८ साली त्या मालिकेतल्या डिअर्ड्री या बाईला विनाकारण तुरुंगवास झाला, तर देशभर तिच्या सुटकेची मोहीम निघाली आणि पंतप्रधान टोनी ब्लेअरही त्यावर बोलले. हे लोक खुळे होते का? मला वाटत नाही. ती नटी रात्री आपल्या घरी जाऊन जेवते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही जीव लावायचा, हाच तर हा खेळ.

आणि आपण तरी कोण वेगळे? मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी आपल्या आधीच्या पिढीला घरातली माणसं वाटायची. पण मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, हेही तीच माणसं कौतुकानं सांगायची.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणं थांबली, जुने भाग पुन्हा दाखवू लागले. बैठक भिंतीच्या अलीकडून-पलीकडून भरू लागली. जुलैमध्ये नवे भाग सुरू झाले, तेव्हा काकू भिंतीवरून ओरडल्या, "बघा हं, आता सगळी लांब लांब उभी राहत्यात का न्हाई!" मालिकेचा शेवटचा भाग झाल्यावर अम्मी म्हणाली, "संपली नाही ही, थांबवली." या दोन शब्दांतला फरक सांगायला एखादा समीक्षक पानभर लिहील.

अम्मीची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. राणाचा जोडीदार बरकत, अमोल नाईकनं केलेला, तिचा लाडका. ती म्हणायची, "बरकत चांगला दाखवलाय. पण त्याच्या घरात शिरा म्हणावं एकदा. त्याची आई चुलीपुढं काय बोलते, ईदला शेजारच्या घरी डबा कोण नेतं, ते दाखवा. गाव दाखवायचं तर सगळं दाखवा." मावशी आणि काकू दोघींनी मान डोलावली होती. या बोलण्यात राग नव्हता. घर बांधताना एक खोली राहून गेली, असं सांगणाऱ्या माणसाचा तो सूर होता. मराठीत कविता लिहिणारा मी, इतक्या साध्या शब्दांत हे कधी मांडू शकलो नव्हतो.

त्यानंतर मी एक धाडस केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी नवी कविता अम्मीला वाचून दाखवली. तिला काय कळणार, असं मला पन्नाशीपर्यंत वाटत आलं होतं. तिनं डोळे मिटून ऐकली. म्हणाली, "चांगली आहे. पण तिसऱ्या कडव्यात पहिल्यातलंच पुन्हा आहे. एपिसोड वाढवल्यासारखं."

मी ते कडवं काढलं. कविता उभी राहिली.

श्रोतेहो, तो संमेलनातला विनोद मी पुन्हा कधी केला नाही. पण तो केला होता हे चारचौघांत सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं. अम्मी आता ऐंशीच्या घरात आहे. आत्ता ती, काकू आणि मावशी रेडिओपाशी बसल्या असतील. भाषण वाढवलंय असं त्यांनी म्हणायच्या आत थांबतो.

नमस्कार.