बालवाडीच्या उंबरठ्यावर घरची भाषा

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. परंतु सोलापूरच्या पेढीवर बसणाऱ्याला चार भाषांची गिऱ्हाइके भेटतात, आणि त्यांचे बोट धरून आलेली मुलेही दिसतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथील चादरीचे नाव दूरवर नेले. त्यांच्या शेजारी कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

अशा गावातील बालवाडीत 'नीळ्ळु', 'नीरु', 'पानी' आणि 'पाणी' म्हणणारी चार मुले एकाच सतरंजीवर बसतात. चौघांची तहान एकच असते. बाईंना मात्र एकच शब्द कळत असेल, तर तीन मुले खुणा करतील किंवा गप्प बसतील. तीन वर्षांच्या मुलाची भाषा समजली नाही, की आपण त्याला 'मंद' किंवा 'हट्टी' म्हणून मोकळे होतो. मूल त्यातून एवढेच शिकते, की आपल्या आईची बोली शाळेच्या उपयोगाची नाही. हा समज नंतर पुसून काढणे फार कठीण असते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीतील थोर व्यक्तींनी शोधलेले आहे. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तो विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला आणला, आणि 1920 साली तेथे गुजराती मुलांचे बालमंदिर उभे राहिले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी होत्या. त्यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम आरंभिले, आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांनी तेथे आयुष्य वेचले. कापड तेच असले, तरी प्रत्येक ठिकाणी ते त्या मुलाच्या मापाने बेतले गेले.

कोसबाडच्या परिसरातील वारली मुले शाळेकडे फिरकत नसत. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांच्या पालकांना दोष दिला नाही. मुले येत नाहीत, तर शाळा त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे वापरले. मुलाच्या ओळखीच्या वस्तूंतूनच त्याला अनोळखी ज्ञानाकडे नेता येते, हे त्यांनी करून दाखवले. अंगणवाडी हा शब्द आज घरोघरी पोहोचला आहे. त्यामागे हा विचार आहे.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असे राज्यघटनेचे कलम 350-अ सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथवर घरच्या भाषेवर भर आहे. परंतु कायदा बालवाडीच्या सतरंजीपर्यंत पोहोचवायचा, तर ते काम बाईंना आणि आपल्यासारख्या संस्थाचालकांनाच करावे लागते.

आपण काय करतो? जानेवारी आला की 'विविधतेत एकता' या कार्यक्रमासाठी पालक दुकानात येतात. कुणाला लुंगी हवी असते, कुणाला फेटा, कुणाला नऊवारी. व्यापारी म्हणून मला त्याचा आनंदच आहे! परंतु एक दिवस पोशाख मिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी मूल घरच्या भाषेत बोलले की त्याला दटावायचे, याला आदर म्हणता येणार नाही.

खरा आदर लहान गोष्टींत असतो. मुलाचे नाव त्याच्या घरी उच्चारतात तसेच उच्चारावे. बाईंनी प्रत्येक घरच्या भाषेतील वीस-पंचवीस शब्द शिकावेत: पाणी, भूक, शी-शू, दुखते, आई. शक्य तर मदतनीस त्याच वस्तीतील असावी. आठवड्यातून एकदा एखाद्या आजीला बोलावून तिच्या भाषेतील गाणे किंवा गोष्ट सर्वांना ऐकवावी.

आता थोडे नाजूक बोलतो. डब्याचा प्रश्न आपल्या समाजाला जवळचा आहे. संस्थेच्या स्वयंपाकघरात काय शिजावे, हे संस्थेने आपल्या आचारानुसार ठरवावे आणि पालकांना प्रवेशाच्या वेळीच नम्रपणे सांगावे. परंतु कोणत्याही मुलाच्या घरच्या अन्नाला 'घाणेरडे' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपले मूल कांदा-लसूण किंवा कंदमुळे खात नाही म्हणून त्याची कुणी थट्टा केली, तर आपल्याला वेदना होतात. तीच वेदना बोंबील खाणाऱ्या घरातील मुलालाही होते. अहिंसेची व्याप्ती वाणीपर्यंत आहे, हे या सभेला मी सांगावे असे नाही.

काही पालक विचारतात, एवढ्या भाषा सांभाळल्या तर मराठी आणि इंग्रजी केव्हा येणार? घरच्या भाषेचा आधार भक्कम असेल, तर मूल पुढची भाषा विश्वासाने शिकते. आदर म्हणजे प्रत्येक रूढी मान्य करणे, असेही नाही. मुलीला मागे ठेवणारी रूढी कोणत्याही घरची असो, तिला शाळेत स्थान नसावे.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत आपण बालशिक्षणासाठी जो निधी देऊ, त्यातील काही भाग इमारतीऐवजी बाईंच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. फरशी नंतरही बसवता येते. मुलाची ती तीन वर्षे मात्र परत येत नाहीत.

जय जिनेंद्र!