वाणाची परतफेड



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण मंडळाच्या वाढदिवसाला चार शब्द बोलावेत असा तुम्ही आग्रह धरलात, म्हणून उभी राहिले आहे.

कारखान्याचा बॉयलर पेटला, की आपल्या बावड्याच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. तीन वर्षांमागे आमच्या मळ्याशेजारी बंजारा मंडळींच्या कोप्या पडल्या. त्यांतली एक बाई आमच्याकडे पाणी भरायला येई. पहाटे कोयता घेऊन गेलेली ती दिवेलागणीला परते, आणि तरीही बॅटरीच्या उजेडात फडक्यावर भिंगे व कवड्या शिवीत बसे. इकडे मी वाकळ शिवीत असे. तिने माझा धावदोरा पाहिला, मी तिचा टाका पाहिला. ओळख झाली ती अशी.

संक्रांतीला तिने मला एक पिशवी दिली. लाल कापड, काठाला कवड्या, मधोमध भिंगांचे फूल. इथे माझी चूक झाली. मी आतून दोनशे रुपये आणून तिच्या हातावर ठेवले. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ताई, शेजारणीनं वाण दिलं, तर तिलाही पैसे देता का?" मला मान वर करवेना.

टोळी परत जायच्या आत मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची वाकळ पुरी करून तिला दिली. पुढच्या साली ती आली, तेव्हा त्या वाकळीत तिचे तान्हे नातवंड होते, आणि विरलेल्या कोपऱ्यावर तिने भिंगांचे ठिगळ लावले होते.

डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आणि इंग्लंडचे कलावंत रिचर्ड लाँग यांची कला २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला शेजारी शेजारी मांडली होती. एक पाड्यावरचा, एक सातासमुद्रापलीकडचा. आपल्याला तर नुसता मळ्याचा बांध ओलांडायचा आहे!

म्हणून माझी विनंती आहे. येत्या हळदीकुंकवाला कोप्यांवरच्या बायकांनाही बोलवावे, आणि त्यांना आपल्याच सतरंजीवर बसवावे. वाण बाजारचे नको, हातचे असावे. त्यांनी काही दिले, तर दोन्ही हातांनी घ्यावे. विकत घ्यायचे असेल, तर मात्र घासाघीस न करता पुरते दाम द्यावे. वाण वेगळे आणि विक्री वेगळी, हे मला तिने शिकवले.