कॅमेरा, कान आणि घरातली इजाजत
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आज मला एका लहानशा विषयावर बोलावयाचे आहे. विषय लहान, पण त्यापायी आपल्याच वस्तीतल्या एका मुलीचा अभ्यास बंद पडला, म्हणून तो आपणांपुढे मांडतो. ही मुलगी घरी बसून संगणकावरून हिशेबनिसीचा वर्ग करीत होती. घर दोन खोल्यांचे. एके दिवशी वर्ग चालू असता तिची अम्मी मागून कळशी घेऊन गेली. डोक्यावर ओढणी नव्हती, आणि वर्गातल्या सर्वांनी ते पाहिले. संध्याकाळी अब्बांनी संगणक कपाटात ठेवून कुलूप लावले. परीक्षेला दीड महिना उरला होता.

मी त्या गृहस्थांना हसणार नाही. आपल्यातले काही सुशिक्षित बंधू अशा पालकांना हसतात, ते मला पसंत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी इजाजत घ्यावी, आणि परत जा म्हटले तर मुकाट्याने परत फिरावे, अशी ताकीद सूरह नूरमध्ये आहे. हदीसमध्ये तर या इजाजतीचे कारणच नजर हे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. तेव्हा घरात आलेल्या कॅमेऱ्याकडे सावधपणे पाहण्यात मागासलेपण काही नाही. मात्र दाराला कडी आहे हे ठाऊक नसल्यामुळे दारच विटा रचून बुजवणे, आणि तेही मुलीच्या शिक्षणाचे, हे मला पटत नाही.

ती कडी कुठे आहे ते सांगतो.

झूम, गूगल मीट, टीम्स यांपैकी कोणतेही साधन पहिल्यांदा उघडले की ते विचारते, कॅमेरा वापरू का? मायक्रोफोन वापरू का? वर्ग सुरू झालेला असतो, आपण घाईत होकार देतो, आणि तो होकार तसाच राहतो. वर्ग संपून वर्ष उलटले तरी राहू शकतो. पण दिलेली परवानगी परत घेता येते. विंडोज ११ असो वा मॅक, सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या नावाखाली कॅमेरा आणि मायक्रोफोन अशी वेगवेगळी पाने आहेत. मॅकवर प्रत्येक सॉफ्टवेअरच्या नावापुढे स्वतंत्र बटण असते. विंडोजवर डेस्कटॉप सॉफ्टवेअरना सहसा मिळून एकच बटण असते. म्हणून तिथे वर्ग ब्राउझरमधून करणे बरे. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर दाबले की त्या एका संकेतस्थळाची परवानगी देता वा काढता येते. अँड्रॉइड मोबाइलवर ‘फक्त वापरात असताना’ किंवा ‘दर वेळी विचारा’ हे पर्याय निवडावेत. नव्या अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर कॅमेरा चालू असला की वरच्या बाजूला हिरवी खूण दिसते, तिच्याकडे लक्ष ठेवावे.

एक गैरसमज फार पसरला आहे. म्यूट केले म्हणजे मायक्रोफोन बंद झाला, असे आपण समजतो. घरी करून पाहा. म्यूट असताना बोला. पुष्कळदा पडद्यावर सूचना येते की तुम्ही म्यूट आहात. न ऐकता त्याला ते कसे कळले? म्यूटने फक्त समोरच्यांना आवाज जात नाही. सॉफ्टवेअरचा कान बंद करावयाचा तर परवानगीच काढावी लागते.

कंपनीच्या शब्दावरच सारे सोडू नये याला दाखला आहे. जुलै २०१९ मध्ये एका संशोधकाने उघड केले की, मॅकवर झूम असेल तर नुसते एखादे वेबपान उघडताच, न विचारता, कॅमेऱ्यासह सभेत ओढले जाणे शक्य होते. झूम काढून टाकले तरी त्याचा एक लपलेला भाग मागे राहत असे. कंपनीने मग दुरुस्ती केली आणि ॲपलनेही तो भाग संगणकांवरून काढून टाकला. तेव्हा सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवलात तरी चालेल; जाड झाकण मात्र नको, लॅपटॉप मिटताना पडदा तडकू शकतो.

तिसरी परवानगी पडदा दाखवण्याची, आणि मला सर्वांत जास्त भय हिचे वाटते. वर्गात पडदा दाखवायचा तर संपूर्ण न दाखवता जी खिडकी हवी तेवढीच निवडावी. आणि कुणी पोलीस किंवा बँकेचा साहेब म्हणून व्हिडिओवर आला, पडदा दाखवा म्हणाला, तर तत्काळ फोन ठेवावा. पडद्यावर आलेला ओटीपी त्यालाही दिसतो. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका, १९३० क्रमांकावर लगेच कळवा. अब्बा आखातात आणि घरी आजी-आजोबा, अशा घरांतील मुलांनी हे वडीलधाऱ्यांना आजच समजावून द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः मुलांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. वर्गातल्या मुलीचा चेहरा पडद्यावर दिसला म्हणून त्याचे चित्र टिपून मित्रांत फिरवण्याची इजाजत तुम्हांला कोणी दिली? सूरह नूरमधली ती ताकीद घरात बसलेलीला नाही, दारात उभा राहणाऱ्याला आहे. मुलींना वर्ग सोडावे लागतात ते कॅमेऱ्यापेक्षा अशा उद्योगांमुळे अधिक, हे कटू वाटले तरी बोलतो.

आता त्या मुलीचे सांगतो. आम्ही दोघे शिक्षक तिच्या घरी गेलो. टेबल फिरवून तिची पाठ भिंतीला केली. संगणकावरची कॅमेऱ्याची परवानगी काढली. तिच्या सरांना विचारले. नाव आणि आवाज पुरेसा आहे, असे ते म्हणाले. अब्बा सारे पाहत होते, बोलले काही नाही; कपाटाची किल्ली मात्र त्यांनी अम्मीच्या हातात दिली. अम्मीला इंग्रजी वाचता येत नाही, पण रेघ मारलेला कॅमेरा म्हणजे बंद, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले. आता वर्गाआधी त्या स्वतः येऊन पडदा पाहतात, आणि मगच पाणी भरायला जातात.