शहरी निसर्गोद्यान आणि तळ्याचा काठ

सार्वजनिक बाग आणि निसर्गोद्यान या दोन भिन्न संकल्पना असून त्यांची गल्लत झाली की दोहोंचेही नुकसान होते. बाग माणसाच्या विसाव्यासाठी आखलेली असते. निसर्गोद्यानात स्थानिक वनस्पती, त्यांवर वाढणारे कीटक आणि कीटकांवर जगणारे बेडूक व पक्षी यांची अन्नसाखळी बाहेरून फारसे काही न पुरवता चालावी, अशी व्यवस्था राखलेली असते. म्हणूनच हिरवळीच्या कडेला सहज उपटून टाकली जाणारी रुई निसर्गोद्यानात मोलाची ठरते, कारण नारिंगी-काळ्या पंखांचे एक फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते, त्याची अळी विषारी चीक असलेली पाने खाऊन वाढते आणि त्या विषामुळे पक्षी पुढे या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत.

शहरात अशी जागा नव्याने उभी राहू शकते याचा पुरावा मुंबईत आहे. धारावीलगत मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकला जात असे, त्या जमिनीवर 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले आणि 1994 मध्ये सुमारे 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले.

मराठवाड्यातील परभणीत असे उद्यान उभारायचे तर मात्र मुंबईची नक्कल उपयोगाची नाही, कारण येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात उथळ पाणी झपाट्याने आटते. अशा प्रदेशात उन्हाळ्यात कोरडे पडणारे तळे सदोष मानण्याचे कारण नाही. तळे आटल्यावर मासे टिकत नाहीत, त्यामुळे पुढच्या पावसात बेडकांची पिल्ले आणि चतुरांच्या पाण्यातील अळ्या त्यांच्या भक्ष्यस्थानी न पडता वाढतात. आणि याच अळ्या डासांच्या अळ्या फस्त करतात. अनेक जातींचे बेडूक उन्हाळा मातीत खोल दडून काढतात.

या साऱ्याचा आधार म्हणजे तळ्याचा काठ. काठ उतरता, मातीचा असेल तर पाणी जसजसे ओसरते तसतशी ओल, चिखल आणि गवत यांची पट्टी सरकत जाते, वंचक बगळा तेथेच भक्ष्य टिपतो आणि टिबुकली पाणवनस्पतींत तरंगते घरटे बांधते. घरटे सोडताना ती अंडी ओल्या पाल्याने झाकून जाते. उभ्या सिमेंटच्या भिंतीने ही पट्टीच नाहीशी होते आणि पाण्यात पडलेल्या लहान प्राण्यांना बाहेर येता येत नाही.

वृक्षांच्या निवडीलाही हाच न्याय लागू पडतो. मूळच्या मादागास्करच्या गुलमोहराऐवजी काळ्या मातीतील बाभूळ, हिवर आणि पळस, तर ओलीच्या जागी करंज, उंबर आणि जांभूळ लावणे उचित ठरते. 1972 पासून कृषी विद्यापीठ असलेल्या परभणीला माती आणि वनस्पती यांविषयीचा सल्ला बाहेरून मागवण्याची गरज नाही.

खरी कसोटी देखभालीची आहे. गाळ काढायचा तर तो उन्हाळ्यात, तोही एका वर्षी अर्ध्याच भागातून काढावा, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात दडलेले जीव आणि बीज वाचते. पावसाळ्यात, घरट्यांच्या काळात, पाणवनस्पतींना हात लावू नये, मात्र विदेशी जलपर्णी दिसताक्षणी काढावी. ही कामे ऋतुमानानुसार देखभालीच्या करारात लिहिली गेली नाहीत, तर वर्षअखेरीस शिल्लक निधी खर्ची घालण्यासाठी काठ बांधला जातो आणि कागदोपत्री निसर्गोद्यान उरले तरी प्रत्यक्षात बागच शिल्लक राहते.