हात न थरथरणारा पार्किन्सन



पार्किन्सन म्हटलं की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. पण दहातल्या दोन-तीन रुग्णांना सुरुवातीला कंप नसतोच. निदान करताना डॉक्टर आधी पाहतात ते हालचाली मंदावल्यात का, हे. आज मी बोलणार आहे ते या मंदपणाविषयी, कारण घरोघरी माणसं दुखावली जातात ती त्याच्यापायी.

निवृत्त गृहस्थांचा चेक बँकेतून परत येतो, सही जुळत नाही म्हणून. जुनी सही शेजारी ठेवून पाहिली तर वळण तेच असतं. पण एकेक अक्षर बारीक होत गेलेलं, शेवटचं तर मुंगीएवढं. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात. आवाज इतका खाली जातो की फोनवर पलीकडच्याला ऐकूच येत नाही. आणि चेहरा! नातू काहीतरी गंमत सांगतो, आजोबा नुसते बघत राहतात. घरात कुजबुज होते, "आजोबा हल्ली सारखे रागावलेले असतात." ते रागावलेले नसतात हो. त्यांना मनातून हसू आलेलं असतं, पण चेहऱ्याचे स्नायूही हातापायांसारखेच मंदावलेले असतात. अशा वेळी त्यांना "काय झालं?" असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

मेंदूच्या खोल भागात सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटासा काळपट पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन बनवतात. हालचाल सुरू होणं, तिचा वेग, तिची सहजता हे सगळं त्यावर चालतं. या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात आणि पेशी हळूहळू मरतात. हातापायांत लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. त्याआधी कित्येक वर्षं वास येणं कमी झालेलं असू शकतं, बद्धकोष्ठता असते, झोपेत माणूस ओरडतो, हातपाय झाडतो. अर्थात वास येत नाही अशा प्रत्येकाला पार्किन्सन होतो असं मुळीच नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात चालताना पाहिलेले होते. आपल्या आयुर्वेदात कंपवात आहे आणि त्यावर कुहिलीचं बी आहे. त्या बियांत लेव्होडोपा असतं, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली दाखवलं. आजची मुख्य गोळी त्याच लेव्होडोपाची. म्हणूनच कळकळीने सांगते, गोळ्या चालू असताना कुहिलीचं चूर्ण परस्पर सुरू करू नका. दोन्हीकडून एकच औषध पोटात जातं आणि मात्रेचा हिशेब राहत नाही.

ही गोळी डोपामिनची उणीव भरते, पेशींचं मरणं थांबवत नाही. आजार पुढे सरकतो, मात्रा बदलत राहते. काही वर्षांनी गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच उतरू लागतो. दहा वाजता बागेत फिरलेला माणूस एक वाजता खुर्चीतून उठू शकत नाही. "मघाशी तर चालत होतात की!" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय. मघाशी औषध चढलेलं होतं, आता उतरलंय, इतकंच. काहींच्या बाबतीत डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. त्यांनी जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं.

दारात रुग्णांचे पाय एकाएकी जागीच खिळतात तेव्हा त्यांना हात धरून ओढू नका, पडतील. जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा आणि "या पट्टीवर पाय टाका" म्हणा. आपसूक पडणारं पाऊल अडतं, पण खूण बघून ठरवून टाकलेलं पाऊल बऱ्याचदा उचललं जातं. सपाट फरशीवर अडणारी माणसं जिना मात्र चढून जातात, ते यामुळेच. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा युक्त्या तिथे रुग्ण आणि त्यांचे घरचे एकमेकांना सांगतात.

आणखी एक. दुसऱ्या कुठल्या कारणाने रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली, तर गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून नर्सच्या हाती द्या. या गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं. आणि उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइड देणार असतील, तर रुग्णाला पार्किन्सन आहे हे आधी सांगा. त्या औषधाने लक्षणं वाढतात.