फोटोच्या पाठीवर नाव लिहा



आज मी तुमच्याशी फोटोविषयी चार गोष्टी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, फोटोशी आमचा काय संबंध? आम्ही आता कुठे लिहायला शिकलो." पण संबंध आहे. तो कसा, ते ऐका.

आधी फोटो म्हणजे काय ते पाहू. कुडाच्या घराचे दार लावा. आत अंधार करा. कुडाला एखादे बारीक भोक असेल, तर बाहेरचे झाड समोरच्या भिंतीवर उलटे दिसते. कॅमेरा म्हणजे असेच अंधारे घर. भोकातून उजेड आत येतो आणि चित्र पडते. हे चित्र टिकवून ठेवायची एक रीत १८३९ साली पॅरिस शहरात जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची मंडळीसुद्धा स्थापन झाली. आज तोच कॅमेरा मोबाइलमध्ये बसून आपल्या पाड्यापर्यंत आला आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. पलीकडे नर्मदामाई. दूरदूरचे लोक इथे फोटो काढायला येतात. तोरणमाळचा यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी, हे फोटो तुम्ही पाहिले असतील. दिवाळीत अस्तंभ्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याची यात्रा भरते. रात्री त्या पायवाटेने माणसांची रांग वर चढते. तिचेही फोटो निघतात. काठीच्या होळीला तर गर्दीच गर्दी. अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. हा नाच नुसती मौज नव्हे, तो नवस आहे.

लोक येतात, फोटो काढतात, निघून जातात. मग तो फोटो कुठेतरी छापून येतो. खाली काय लिहिलेले असते? "आदिवासी नर्तक." "डोंगरातील स्त्री." अहो, त्या बाईला नाव नाही का? तिच्या पाड्याला नाव नाही का?

ही रीत जुनी आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ मोठे ग्रंथ काढले. त्यात पुष्कळ फोटोंखाली माणसाचे नाव नाही. जातीचे, जमातीचे नाव आहे. झाडाला पाटी लावावी तशी माणसाला पाटी लावली. का? लिहिणारा बाहेरचा होता. ज्याचा फोटो, त्याच्या हाती लेखणी नव्हती.

आता तुमच्या हाती लेखणी आहे. म्हणून हे बोलणे.

सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात आपल्या जिल्ह्यातली ३३ गावे सापडली. १९९३ साली मणिबेलीत पाणी शिरले. पुढे धरणाची उंची वाढत गेली. २०१९ साली ते पहिल्यांदा काठोकाठ भरले. शेते गेली, घरे गेली, नदीकाठच्या वाटा गेल्या. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. आता तिथे जाऊन फोटो काढू म्हटले, तर काढणार कशाचा? नुसते पाणी दिसते.

तळोदा तालुक्यातल्या एका वसाहतीत एका म्हाताऱ्याबाबांनी मला पत्र्याच्या पेटीतून एक फोटो काढून दाखवला. कुडाचे घर, पुढे आठ-दहा माणसे, मागे नदी. बाबा एकेकावर बोट ठेवून नाव सांगत होते. नातू ऐकत होता. मी फोटो उलटा करून पाहिला. पाठ कोरी होती. बाबा आहेत तोवर त्या माणसांना नावे आहेत. पुढे काय? नातवाने तिथेच बसून सगळी नावे लिहून घेतली. तो रात्रवर्गातच अक्षरे शिकला होता.

फोटोचा आणखी एक उपयोग आहे. २००६ सालचा वनहक्क कायदा तुम्हाला ठाऊक आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. घर, बांध, सपाट केलेले शेत अशा खुणा आणि वडीलधाऱ्यांचा जबाब हे नियमात पुरावे धरले आहेत. अशा वेळी त्या शेताचा जुना, तारीख घातलेला फोटो असेल, तर बोलण्याला बळ येते. नुसत्या फोटोवर काम भागत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता फोटो कसा काढावा? सूर्य पाठीशी घ्या. सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड चांगला. भर दुपारी तोंडावर काळी सावली पडते. सणाचेच फोटो काढू नका, रोजच्या कामाचेही काढा. उन्हाळ्यात धडगावकडे बाया कैऱ्या चिरून आमचूर वाळवतात, त्याचा काढा. मोह वेचतानाचा काढा. आठवडी बाजाराची वाट, शाळेची वाट, विहीर, बांध यांचे काढा. आज साधे दिसते, तेच उद्या शोधूनही सापडत नाही.

पण आधी विचारा. नवसाच्या माणसाला अडवू नका. अंघोळीच्या जागी, दुःखाच्या घरी कॅमेरा काढू नका. कोणी "नको" म्हटले, तर नको. बाहेरचा माणूस तुमचा फोटो काढायला आला, तर तुम्हीही विचारा, "बापा, हा कुठे छापणार? खाली माझे नाव लिहिशील ना?" यात भांडण नाही. हा आपला मान आहे.

मोबाइल बिघडला की फोटो गेले. म्हणून निवडक फोटो कागदावर छापून घ्या. पाठीवर कडेला, हलक्या हाताने लिहा. जोरात दाबले तर पुढच्या बाजूला वळ उठतो. कोण, कुठे, केव्हा, काय करताना, एवढे चार शब्द पुरे. शाई वाळू द्या. चुलीच्या धुरापासून आणि पावसाच्या ओलीपासून दूर, डब्यात ठेवा.

घरात एखादा जुना फोटो असेल, तर आज तो काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. विचारा, ऐका आणि लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. नाव मात्र बरोबर लिहा.